मृतांसाठी मिस्सा: मोफत काय, ऐच्छिक काय आणि पैसा जातो कुठे?

घरात मयत झाली की पहिले दोन दिवस हिशेबाचे भान कोणाला नसते. पेटीवाला, गाडीवाला, मंडपवाला, फुलवाला मागेल ते दिले जाते. महिन्याच्या मिस्सेनंतर उधारीचे कागद एकत्र केले की मग डोळे पांढरे होतात. नांदेड-लातूरकडच्या कॅथलिक कुटुंबांनी हे कागद एकदा नीट वाचून पाहावेत. मृताच्या आत्म्यासाठी चर्च जे करायला सांगते, त्याला लागणारा पैसा या यादीत सगळ्यात कमी असतो. उरलेला खर्च रिवाजाचा, घाईचा आणि लोकलाजेचा असतो. कोणता खर्च कोणत्या खात्यातला, हे आधी माहीत असले तर कर्ज टळते.

मिस्सेची देणगी: नियम तुमच्या बाजूचे

मृतासाठी मिस्सा सांगायची म्हणजे धर्मग्रामाच्या कार्यालयात मृताचे नाव आणि तारीख द्यायची आणि सोबत ठरलेली देणगी. ती मिस्सेची किंमत नव्हे. 1983 च्या कॅनन लॉत या विषयावर 945 ते 958 अशी चौदा कलमे आहेत आणि व्यापाराचा वाससुद्धा येता कामा नये, असे त्यातले 947 वे कलम बजावते. सामान्य माणसाच्या कामाचे मुद्दे असे:

- रक्कम कोण ठरवते? त्या चर्च-प्रांतातले बिशप मिळून. नांदेड आणि लातूर हे जिल्हे 1977 साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतात आणि हा धर्मप्रांत नागपूरच्या आर्चबिशपांच्या प्रांतात मोडतो. वसई, पुणे, नाशिक हे धर्मप्रांत मुंबईकडे आहेत. त्यामुळे वसईच्या मावशीने किंवा पुण्याच्या भावाने सांगितलेला आकडा इथे लागू होईलच असे नाही. आपल्याच कार्यालयात विचारा.
- जास्त मागता येते का? नाही. ठरल्यापेक्षा जास्त रक्कम फादरांना मागता येत नाही. तुम्ही खुशीने जास्त दिली तर ते घेऊ शकतात, कमी दिली तरी घेऊ शकतात.
- पैसेच नसतील तर? विशेषतः गरजूंसाठी, देणगी मिळाली नाही तरी मिस्सा अर्पण करावी, अशी शिफारस कलम 945 मध्येच आहे. तेव्हा संकोच न करता फादरांना सांगा.
- पैसे हरवले तर? एकदा देणगी स्वीकारली की पुढे ती घेणाऱ्याची काही चूक नसताना गहाळ झाली, तरी मिस्सा करावीच लागते.
- रक्कम दिली, पण संख्या सांगितली नाही तर? दुबईतल्या मुलाने ‘बाबांसाठी मिस्सा करा’ एवढेच लिहून एकगठ्ठा पैसे पाठवले, तर देणारा जिथे राहतो तिथल्या दराने मिस्सांची संख्या काढली जाते. गोंधळ नको असेल तर किती मिस्सा आणि कोणासाठी, हे स्पष्ट कळवा.
- मुदत किती? एका वर्षात पार पाडता येतील त्याहून जास्त मिस्सा स्वतः करण्यासाठी कोणत्याही फादरला घेता येत नाहीत.

या सगळ्याची नोंद ठेवणारी वही प्रत्येक धर्मग्रामात असावी लागते. किती मिस्सा, कोणत्या हेतूने, देणगी किती आणि मिस्सा पार पडली की नाही, हे तिच्यात लिहिले जाते. नाव दिले की वहीत ते उतरलेले डोळ्यांनी पाहा. एकाच आडनावाची चार घरे असतील तर वडिलांचे किंवा नवऱ्याचे नावही लिहायला सांगा. यूपीआयने पैसे भरत असाल तर खाते धर्मग्रामाच्या नावाचे आहे का, हे बघूनच भरा.

एका मिस्सेत दहा नावे: चालते का?

मूळ नियम सरळ आहे: ज्या ज्या हेतूसाठी देणगी घेतली, त्या प्रत्येकासाठी वेगळी मिस्सा. अनेकांच्या देणग्या एकत्र करून एकच मिस्सा अर्पण करायला व्हॅटिकनने 1991 मध्ये मर्यादित मुभा दिली आणि 20 एप्रिल 2025 पासून त्याबाबत नवा आदेश लागू झाला. त्यानुसार प्रांतातल्या बिशपांनी परवानगी दिलेली असली पाहिजे आणि देणाऱ्याला आधी सांगून त्याची राजीखुशी घेतलेली असली पाहिजे. ही संमती गृहीत धरता येत नाही. अशा मिस्सेसाठी फादरांना एकाच देणगीची रक्कम स्वतःकडे ठेवता येते.

तेव्हा नाव देताना विचारा, ‘फादर, ही मिस्सा आमच्या आईसाठी वेगळी आहे की सगळ्यांची मिळून?’ सगळ्यांची मिळून असेल आणि तुम्हाला चालत असेल तर प्रश्नच नाही. शिवाय प्रार्थनेच्या वेळी नुसते नाव वाचणे वेगळे आणि त्या व्यक्तीसाठी मिस्सा अर्पण करणे वेगळे.

किती मिस्सा सांगाव्यात?

बहुतेक घरांत सातव्या दिवशी, महिन्याने आणि वर्षाने मिस्सा सांगतात. या तिन्ही प्रथा आहेत, त्यांची सक्ती नाही. हिशेबापुरते धरू की एका मिस्सेची देणगी 200 रुपये आहे. तीन मिस्सांचे 600 झाले.

ग्रेगोरियन मिस्सा हा वेगळा प्रकार आहे. एकाच मृतासाठी सलग तीस दिवस तीस मिस्सा. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या संत ग्रेगरी यांच्या नावाने ही प्रथा ओळखली जाते. वरच्याच हिशेबाने 6,000 रुपये. पण अडचण पैशांपेक्षा दिवसांची आहे. मराठवाड्यात एकेका फादरकडे मुख्य चर्चशिवाय आसपासची गावेही असतात आणि धर्मग्रामातल्या इतरांचे हेतूही असतात. एकाच नावाला सलग तीस दिवस देणे त्यांना बहुधा जमत नाही. अशा वेळी निवृत्त फादर, आश्रमातले धर्मगुरू किंवा बिशप हाउस यांच्यामार्फत सोय होते. घाई करू नका. वर्षभरात कधीही चालते. आणि तीसच हव्यात असेही नाही. ऐपत तीनची असेल तर तीनच सांगा.

एक पैसाही न लागणारे

- 1 ते 8 नोव्हेंबर या काळात दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्याला त्यांच्या नावे पूर्ण दंडमुक्ती मिळवता येते. अटी म्हणजे पापनिवेदन, कम्युनियन, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि मनात पापाची आसक्ती नसणे. दंडमुक्तीच्या नावाखाली पैसे घेण्याची प्रथा पोप पायस पाचवे यांनी 1567 मध्येच मोडीत काढली. आज कोणी त्यासाठी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा.
- 2 नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, प्रत्येक फादरला तीन मिस्सा करता येतात. पहिले महायुद्ध पेटलेले असताना, 1915 मध्ये, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी ही परवानगी जगभर दिली. त्यातल्या एकाच मिस्सेची देणगी फादरांना ठेवता येते. उरलेल्या दोनपैकी एक सर्व मृतांसाठी असते आणि एक पोपच्या हेतूसाठी. म्हणजे ज्याच्या घरी सांगायला कोणी उरले नाही, त्याच्यासाठीही त्या दिवशी मिस्सा होतेच.
- घरी रोझरी, दुसऱ्याने सांगितलेल्या मिस्सेत आपल्या माणसाची आठवण, त्याच्या नावाने उपवास किंवा गरजूला मदत.

खरा पैसा जातो तो इथे

*पेटी.* सुताराला विचारताना मापासोबत तीन गोष्टी ठरवा: प्लायवूड की लाकूड, आतले कापड धरून की वेगळे, कड्या आणि क्रूस धरून की वेगळे. बोली पेटीची होते आणि कड्या, क्रूस, कापड, वॉर्निश यांचा हिशेब नंतर येतो. पेटी तासाभरात मातीआड जाणार आहे. साध्या पेटीने मृताचा मान कमी होत नाही.

*फ्रीजर बॉक्स.* लेक पुण्याहून, भाऊ हैदराबादहून येईपर्यंत मे महिन्याच्या उन्हात तो लागतोच. भाडे दिवसावर आहे की चोवीस तासांवर, वाहतूक धरून आहे का, हे ठरवून घ्या.

*गाडी.* पुण्यातल्या रुग्णालयातून लातूर सुमारे 330 किलोमीटर, नांदेड सुमारे 450. खासगी गाडीवाले बहुधा येण्या-जाण्याचे दोन्ही किलोमीटर धरतात. टोल, रात्रीचा भत्ता आणि थांबण्याचे पैसे आधीच बोलून घ्या. शहरातल्या शहरात महापालिकेची शववाहिका मिळते का, हे पहिल्यांदा विचारा.

*जागा आणि खड्डा.* दफनभूमी कोणाच्या ताब्यात आहे? धर्मग्रामाच्या, सर्व ख्रिस्ती पंथांच्या समितीच्या की पालिकेच्या? त्यावर शुल्क आणि पावती ठरते. जागा कायमची की काही वर्षांनी त्याच कबरीत दुसरे दफन होणार, हेही लेखी घ्या. गरिबाला योग्य अंत्यविधी नाकारला जाऊ नये, असे कलम 1181 सांगते. चर्चची वर्गणी थकली असेल तर लपवाछपवी न करता फादरांशी बोला.

*कबरीवरचा दगड.* इथे घाई सर्वांत महाग पडते. लातूर-नांदेडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ताज्या खड्ड्यातली भरही खाली बसत जाते. त्यावर लगेच ग्रॅनाइट बसवला तर तो कलतो, सांधे उघडतात आणि पुन्हा मिस्त्री बोलवावा लागतो. निदान एक पावसाळा जाऊ द्या. तोवर लाकडी क्रूस आणि पाटी पुरे.

*जेवण आणि फ्लेक्स.* तिसरा, दहावा, तेरावा किंवा चाळिसावा दिवस, त्या दिवशीची पंगत, चौकातले ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे फ्लेक्स, वर्तमानपत्रातली जाहिरात. चर्चच्या दृष्टीने यांतले काहीही आवश्यक नाही. फ्लेक्सचा दर चौरस फुटावर असतो. आठ बाय दहाचा एक म्हणजे 80 चौरस फूट, आणि भाचे-पुतणे उत्साहाने चार चौकांत चार लावतात. बचत गटातून किंवा सावकाराकडून पैसे उचलून पंगत घालायची वेळ येत असेल तर मिस्सेनंतर चर्चच्या आवारात चहा-बिस्किट द्या आणि तसे आधीच जाहीर करा. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने ते सांगितले की बाकीच्यांचे तोंड बंद होते.

दहन केले तर

चर्च दफन पसंत करते, पण 1963 पासून दहनाला बंदी नाही. अस्थींबाबत मात्र 2016 च्या सूचना आहेत: त्या विखुरू नयेत, पाण्यात सोडू नयेत, आप्तांत वाटून घेऊ नयेत, दफनभूमीसारख्या पवित्र जागी ठेवाव्यात. नांदेडला गोदावरी दारातच असल्याने नातेवाईक विसर्जनाचा आग्रह धरतात. दहनाचा निर्णय घेतानाच अस्थी कुठे ठेवणार, हे फादरांना विचारून ठेवा.

नातेवाईक ख्रिस्ती नसतील, मृत्यू अपघाती असेल

मराठवाड्यात एकाच घरात एक भाऊ कॅथलिक, दुसरा बौद्ध आणि बहीण हिंदू घरात दिलेली, असे असू शकते. मिस्सा कोणाहीसाठी, जिवंत किंवा मृत, अर्पण करता येते, असे कलम 901 म्हणते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात गेलेल्या शेजाऱ्यांसाठीही मिस्सा सांगता येते. मात्र मृतांसाठी प्रार्थना प्रोटेस्टंट नातेवाइकांना पटत नाही, कारण मक्काबीचे दुसरे पुस्तक त्यांच्या बायबलमध्ये नाही. त्या पुस्तकाच्या 12 व्या अध्यायात मृत सैनिकांसाठी वर्गणी गोळा करून यरुशलेमला पाठवल्याची हकीकत आहे. वाद न घालता त्यांना सोबत बसवा.

आत्महत्या झालेल्या घरात ‘आता चर्च काही करणार नाही’ अशी भीती असते. 1983 च्या संहितेत अंत्यविधी नाकारण्याच्या कारणांत आत्महत्या नाही आणि 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथानुसार चर्च अशा मृतांसाठी प्रार्थना करते. मिस्सा बेलाशक सांगा.

कागद आणि हक्काचे पैसे

- मृत्यूची नोंद 21 दिवसांत, विनाशुल्क. शहरात महापालिकेत, गावात ग्रामपंचायतीत. उशीर झाला की विलंब शुल्क लागते, 30 दिवसांनंतर वरच्या अधिकाऱ्याची परवानगी आणि वर्षानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश. चर्चच्या मृत्यू-नोंदवहीतला उतारा या दाखल्याची जागा घेत नाही. मात्र तीही नोंद झाली का, ते बघा.
- दारिद्र्यरेषेखालील घरातली 18 ते 59 वयाची मुख्य कमावती व्यक्ती गेली तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत 20,000 रुपये. अर्ज तहसील कार्यालयात.
- मृताच्या पासबुकात वर्षाला 436 रुपये कापले गेले असतील तर जीवनज्योती विम्याचे 2 लाख रुपये. 20 रुपये कापले गेले असतील आणि मृत्यू अपघाती असेल तर सुरक्षा विम्याचे 2 लाख. दावा त्याच बँकेत.
- शेतकरी आत्महत्येचे प्रकरण जिल्हा समितीने पात्र ठरवले तर 1 लाख रुपये. त्यासाठी पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल जपून ठेवा.

आजच करण्यासारखे

संत ऑगस्टीनची आई मोनिका इसवी सन 387 मध्ये ओस्टिया बंदरात आजारी पडली, तेव्हा तिने मुलांना सांगितले की देह कुठेही पुरा, त्याचा घोर करू नका, फक्त वेदीपाशी माझी आठवण ठेवा. गावाकडे नेऊन नवऱ्याशेजारी पुरण्याची तिची जुनी इच्छा होती. तीही तिने सोडून दिली. तिच्या मुलांचा मोठा खर्च त्या एका वाक्याने वाचला असणार.

आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनीही एक कागद लिहून ठेवावा: दफन कुठे, पेटी कशी, पंगत हवी की नको, मिस्सा किती, विम्याचे आणि बँकेचे कागद कोणत्या कपाटात. खाली सही आणि तारीख. एक प्रत घरी, एक धर्मग्रामाच्या कार्यालयात. कायद्याने ते मृत्युपत्र ठरणार नाही. पण चार नातेवाईक चार बाजूंनी बोलू लागले की मुलांना दाखवायला हातात काहीतरी असेल.