रिफर्बिश्ड इअरफोन घेण्याआधी

रिफर्बिश्ड मोबाइल आणि लॅपटॉप आता घरोघरी दिसतात आणि बहुतेकांचा अनुभव बराही असतो. त्याच भरवशावर लोक इअरफोनही तसेच घ्यायला जातात. पण लॅपटॉपचं झाकण उघडता येतं. त्याची बॅटरी, मेमरी, पंखा सुटासुटा तपासून बदलता येतो. कानात घालायच्या बिनतारी इअरबडचं कवच मात्र कारखान्यातच चिकटवून बंद केलेलं असतं. ते उघडायचं म्हणजे बऱ्याचदा तोडायचंच. मग ‘दुरुस्त करून विकलेल्या’ इअरबडमध्ये दुरुस्त नेमकं काय केलेलं असतं? पुष्कळदा एवढंच: बाहेरून पुसलेलं असतं, रबरी टिप्स नव्या घातलेल्या असतात, फोनला जोडून आवाज येतो का ते पाहिलेलं असतं आणि नव्या खोक्यात भरलेलं असतं. माझ्या वाट्याला आलेली जोडी अशीच होती. तिने जो मनस्ताप दिला तो दुसऱ्या कुणाला होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितो.

बाहेरचा गोंगाट गाळणारे, नामांकित कंपनीचे हे बिनतारी इअरबड नवे घ्यायचे तर पंधरा हजारांच्या आसपास जातात. मला ते पाच हजारांच्या आत मिळत होते. वर्णनात ‘एक्सलंट कंडिशन’ लिहिलेलं, सहा महिन्यांची वॉरंटी, जीएसटीचं बिल. खोकं उघडलं तेव्हा ओरखडासुद्धा नव्हता. पहिले काही दिवस बातम्या, मुलाखती, फोनवरचं बोलणं यांत काहीच खटकलं नाही. खटकलं ते गाणं ऐकताना.

मी ऐकतो ते मुख्यतः जुनं शास्त्रीय संगीत. १९५० च्या दशकातली ध्वनिमुद्रणं मोनो असतात, म्हणजे दोन्ही कानांत अगदी एकच आवाज जातो. गायकाचा आवाज अशा वेळी डोक्याच्या बरोबर मध्यभागी ऐकू यायला हवा. माझ्या कानात तो उजवीकडे सरकलेला होता. खर्जात मध्ये यायचा आणि तारसप्तकाकडे जाताना पुन्हा उजवीकडे झुकायचा. तंबोऱ्याचंही तसंच. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा जो धागा सरकवतात, त्यामुळे जवारी खुलते आणि एका तारेतून वरचे कितीतरी स्वर झणकारू लागतात. ती झणकार माझ्या डाव्या कानात जवळजवळ नव्हतीच. षड्ज होता, त्याच्याभोवतीचं तेज गेलेलं.

दोष कानाचा, फोनचा की इअरबडचा, हे ठरवण्याची एक साधी रीत आहे आणि ती प्रत्येकाला माहीत असावी. तारेचे इअरफोन असतील तर डावा उजव्या कानात आणि उजवा डाव्या कानात घालावा. मंद बाजू इअरफोनबरोबर दुसऱ्या कानात गेली, तर दोष इअरफोनचा किंवा फोनच्या सेटिंगचा. त्याच कानात राहिली, तर कानातला मळ किंवा कानाचा आकार तपासावा. फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत डावं-उजवं कमीजास्त करणारी एक पट्टी असते, ती कधीतरी नकळत सरकलेली असते, म्हणून आधी ती मध्यभागी आहे ना ते पाहावं. बिनतारी इअरबड आकारामुळे उलट्या कानात नीट बसत नाहीत, पण हाताने धरून मिनिटभर ऐकता येतं. माझ्याकडे मंद बाजू इअरबडबरोबर सरकली.

मग टिप काढून मोबाइलच्या टॉर्चखाली नळीचं तोंड पाहिलं. तिथे अगदी बारीक जाळी असते. उजवीकडची चमकत होती. डावीकडची अर्धीअधिक पिवळट, मेणचट थराने बुजलेली. दुसऱ्या कुणाच्या तरी कानातला मळ होता तो. किळस येण्याची गोष्ट आहेच, पण आवाजाच्या दृष्टीनेही हीच मुख्य गोष्ट आहे. जाळी बुजू लागली की सगळ्यात आधी वरचे, बारीक स्वर जातात आणि मग एकूण आवाज उतरतो. म्हणून बातम्यांमध्ये कळत नाही आणि तंबोऱ्यात कळतं. इअरबडचं तोंड खाली धरून कोरड्या, मऊ ब्रशने हलक्या हाताने मळ झाडला तेव्हा बराच फरक पडला. सुई किंवा टाचणी अजिबात घालू नये, जाळी फाटते किंवा आत ढकलली जाते. स्पिरिट थेट ओतू नये, मळ विरघळून आत उतरतो.

जाळी साफ झाल्यावर दुसरा दोष उघड झाला. दोन्ही इअरबड पूर्ण चार्ज करून एकत्र लावले, तर डावा निम्म्या वेळातच मान टाकायचा. या इअरबडमधली लिथियम-आयनची बॅटरी मोबाइलच्या बॅटरीच्या मानाने इवलीशी असते. मोबाइलची हजारो मिलिअँपिअर-तासांची, तर हिची काही दहांत मोजायची. डबीत ठेवली की दर वेळी चार्ज होते, म्हणून तिची चार्जिंगची आवर्तनंही भराभर संपतात. शिवाय फोनवर बोलायला अनेक जण एकच इअरबड वापरतात, त्यामुळे दोघांची झीज सारखी होत नाही. पुढे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्याने सीरियल नंबर पाहून सांगितलं की दोन्ही इअरबड मुळात एका जोडीचे नव्हतेच. दोन वेगवेगळ्या परत आलेल्या संचांतून एक जोडी जुळवलेली होती.

विक्रेत्याला कळवलं. ‘तपासून सांगतो’ असं म्हणत त्याने बदलून देण्याची सात दिवसांची मुदत काढली आणि मग वॉरंटीच्या कागदावरचं बारीक कलम दाखवलं: बॅटरी, टिप्स आणि जाळी यांना वॉरंटी लागू नाही. बिनतारी इअरबडमध्ये झिजणारं जे काही आहे ते या तीन शब्दांत येऊन गेलं, मग वॉरंटी उरली कशाला? खोक्याला! मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, जाळीचे फोटो आणि सर्व्हिस सेंटरचा लेखी शेरा जोडला. त्यानंतर मात्र पैसे परत आले.

इथे कायदा काय सांगतो ते माहीत असलेलं बरं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे आणि त्याखाली २०२० मध्ये ई-कॉमर्सचे वेगळे नियम झाले. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसेल, तर ती परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. ‘रिफर्बिश्ड मालाला हे लागू नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. वर्णनात ‘एक्सलंट’ लिहिलं की ते वर्णन विक्रेत्याला बांधून ठेवतं. म्हणून खरेदीच्या वेळी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंतर मजकूर बदललेला असू शकतो. हेल्पलाइनने काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क नाही.

या सगळ्यावरून रिफर्बिश्ड इअरफोन घेऊच नयेत असं माझं मत झालेलं नाही. बिनतारी आणि तारेचे हे दोन वेगळे व्यवहार आहेत, एवढं मात्र पक्कं झालं. तारेच्या इअरफोनमध्ये बॅटरी नाही, म्हणजे वयाबरोबर हमखास मरणारा भागच नाही. चांगल्या प्रकारांत तार सुटी करता येते, ती खराब झाली तर नवी जोडता येते. काहींत जाळीऐवजी बदलता येणारे फिल्टर असतात. अमेरिकेतल्या इटिमोटिक रिसर्चच्या ईआर-४ या १९९१ सालच्या इअरफोनमध्ये तशी सोय आहे. त्यात आवाज काढणारा भागही श्रवणयंत्रांच्या जगातून आलेला, बॅलन्स्ड आर्मेचर प्रकारचा. असा जुना इअरफोन स्वच्छ करून, नव्या फिल्टरसकट मिळाला तर खुशाल घ्यावा. फक्त आर्मेचर नाजूक असतं. जमिनीवर जोरात आपटलेला इअरफोन बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून एका बाजूने मंद झालेला असतो, तेव्हा मोनो मुद्रणाची परीक्षा इथेही चुकवू नये. जोडणीच्या खाचेत हिरवट गंज आहे का आणि तार हलवल्यावर आवाज तुटतो का, हेही पाहावं.

आता तुलनेचं बोलू, कारण खरी फसगत तिथेच होते. आपण रिफर्बिश्ड वस्तूची तुलना तिच्याच नव्या किमतीशी करतो. पंधरा हजारांची वस्तू पाच हजारांत मिळाली, म्हणजे दहा हजार वाचले असं वाटतं. पण वस्तू दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल, तर आज त्याच पाच हजारांत नवं काय मिळतं याच्याशी ती ताडून पाहायला हवी. गेल्या काही वर्षांत तारेच्या इअरफोनचा बाजार चिनी कंपन्यांनी पार बदलून टाकला आहे. मूनड्रॉपचा चू आणि सेव्हन-हर्ट्झचा झीरो हे दोन्ही २०२२ मध्ये वीस डॉलरच्या आसपास बाजारात आले, आणि केझेडचे तर त्याहून स्वस्त प्रकारही आहेत. आपल्याकडे दीड-दोन हजारांच्या घरात त्यांच्यासारखे नवेकोरे, पूर्ण वॉरंटीचे इअरफोन मिळतात. पैसे परत आल्यावर मी त्यातलाच एक घेतला. फोनला ३.५ मिलिमीटरची खाच नसल्याने यूएसबी-सीचा एक छोटा डोंगलही घेतला. दोन्ही मिळून जुन्या जोडीच्या निम्मे पैसेही गेले नाहीत.

मित्राकडे त्याच प्रकारचे, धडधाकट असलेले बिनतारी इअरबड होते. एका संध्याकाळी दोन्ही शेजारी ठेवून ऐकले. तुलना करताना सर्वांत आधी आवाजाची पातळी सारखी करावी. नुसता किंचित मोठा असलेला इअरफोनही कानाला अधिक चांगला वाटतो, आणि आवाज लहान असला की खर्ज कमी ऐकू येतो. कानाचा हा स्वभाव फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवला आहे. आम्ही एकाच ओळीतला गायकाचा आवाज दोन्हींत सारखा वाटेपर्यंत पट्टी खालीवर केली आणि मगच मत बनवलं. दुसरी गोष्ट टिपची. टिप कानात घट्ट बसली नाही तर तबल्याचा बायाँ गायबच होतो आणि आपण इअरफोनला दोष देतो. तिन्ही मापांच्या टिप्स घालून पाहाव्यात. दोन्ही कानांना एकच माप लागतं असंही नाही, माझ्या डाव्याला मोठी लागते.

त्या संध्याकाळी कळलं ते असं: शांत खोलीत बसून गाणं ऐकायचं तर दोन हजारांच्या तारेच्या इअरफोनने बिनतारींना मागे टाकलं. जवारी सुटी, स्वच्छ. बायाँवर मनगट दाबून काढलेला घिस्सा शेवटपर्यंत ऐकू येत होता, बिनतारींत तो फुगून गुबगुबीत झाला होता. पण मित्र रोज ठाण्याहून लोकलने जातो, आणि डब्यातली घरघर गाळायची तर त्याचेच इअरबड हवेत. तारेवाल्याचा तिथे आवाज वाढवावा लागतो आणि ती सवय कानाला घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा, ९० डेसिबलचा मात्र फक्त ४ तास. तेव्हा लोकलच्या प्रवाशाने गोंगाट गाळणारे घ्यावेत, पण ते शक्यतो नवेच, भले कमी नावाजलेल्या कंपनीचे. पाच हजारांत ते मिळतात आणि त्यांच्या बॅटरीचं आयुष्य तुमच्या हातून सुरू होतं.

तरीही एखादा रिफर्बिश्ड बिनतारी संच फारच मनात भरला असेल, तर आधी विक्रेत्याला लेखी विचारा: बॅटरी नवी घातली आहे का, दोन्ही इअरबड एकाच संचातले आहेत का, वॉरंटी कंपनीची की दुकानाची, आणि त्यात बॅटरी येते का? मूळ कंपनीने स्वतः नीट करून विकलेला माल आणि कुणीतरी परत आलेल्या मालातून जुळवलेला माल यांवर तेच लेबल असतं, म्हणून ही विचारपूस टाळू नये. उत्तर गोलगोल आलं तर घेऊ नका. घेतलंत, तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, टिप काढून टॉर्चने जाळी पाहा, एखादं जुनं मोनो गाणं लावा, आणि पहिल्याच दिवशी दोन्ही इअरबड पूर्ण चार्ज करून मध्यम आवाजात, गोंगाट गाळणं चालू ठेवून, दोन्ही बंद पडेपर्यंत वाजू द्या. वेळ लिहून ठेवा. डाव्या-उजव्यात पंधरा-वीस मिनिटांहून जास्त अंतर निघालं तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता, ‘तपासून सांगतो’ला न थांबता, परत पाठवण्याची नोंद करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा.