आणखी एकच लढत

प्रस्तुत लेखाचा विषय पाहून काहींच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. व्हिडिओ गेम म्हणजे पोरखेळ, असे मीही गेल्या वर्षापर्यंत समजत होतो. परंतु मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने निदान स्वतःला तरी तपासावे, म्हणून हे लिहीत आहे.

वसतिगृहातील मित्राच्या लॅपटॉपवर मी प्रथम 'स्ट्रीट फायटर ६' खेळलो. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा हा खेळ. त्याच्या १९९१ सालच्या दुसऱ्या भागाने द्वंद्वाच्या खेळांचा साचाच घालून दिला. वरवर पाहता नुसती हाणामारी. पण मुळात तो दगड-कागद-कात्रीचा डाव आहे. ठोसा अडवता येतो, अडवत बसलेल्याला धरून आपटता येते, आणि धरायला येणाऱ्याला ठोसा बसतो. पडद्यावरील चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते. सारा हिशेब त्या साठाव्या हिश्शांत चालतो. साहजिकच समोरच्याचे मन आधी ओळखावे लागते. मला गुंतवले ते यानेच, मारामारीने नव्हे.

हा समोरचा कोण, कुठला, काही ठाऊक नसते. त्याने दाबलेली कळ इंटरनेटवरून पोचायला क्षण लागतो. तेवढ्यात 'तो आत्ता करतो आहे तेच करील' असे धरून यंत्र खेळ पुढे नेते, आणि अंदाज चुकल्यास मागे जाऊन दुरुस्ती करते. हे कळल्यावर मला हसू आले. आम्ही खेळाडू तरी दुसरे काय करीत होतो?

खरी मेख मात्र जोड्या लावण्यात आहे. बुद्धिबळपटूंचे बळ आकड्यात मांडण्याची अर्पाद एलो यांची रीत जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. ऑनलाइन खेळांतील गुणांकनही त्याच वळणाचे. जिंकलात की गुण वाढतात, हरलात की घटतात, आणि प्रतिस्पर्धी सहसा आपल्याच तोलाचा मिळतो. एका रात्री मी वहीत टिपले : ३१ लढती, १५ विजय, १६ पराभव. पुढचा विजय केव्हा, हे मात्र कधीच सांगता येत नसे. फर्स्टर आणि स्किनर यांच्या १९५७ च्या ग्रंथातील कबुतरे अशीच; किती वेळा टोचल्यावर दाणा मिळेल हे अनिश्चित असले की ती नेटाने टोचत राहत. परीक्षेसाठी हे मी घोकले होते, आणि त्याच रात्री चार वाजेपर्यंत खेळलोही होतो! हरल्यावर झोप येत नसे, जिंकल्यावर उठवत नसे.

फेब्रुवारीत एका रात्री गावी बाबांच्या छातीत दुखू लागले. धाकट्या बहिणीने त्यांना एकटीने रिक्षात घालून दवाखान्यात नेले. मला तिने सात फोन केले. माझा फोन आवाज बंद करून पालथा पडलेला. दुपारी पोचलो तेव्हा बाबा उठून बसले होते. म्हणाले, "डोळे लाल दिसतात रे. अभ्यासाला जागतोस वाटतं?" मी हो म्हटले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात १ जानेवारी २०२२ पासून गेमिंगचा विकार समाविष्ट आहे. खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला महत्त्व येणे आणि हानी दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे. तीही साधारणतः १२ महिने टिकावी लागतात. माझे जेमतेम पाच महिने भरले होते. तेव्हा मी रोगी ठरत नाही, आणि प्रत्येक खेळणाऱ्यावर तो शिक्का मारणे मला गैरच वाटते. तरीही तिसरे लक्षण वाचताना मी थबकलो. कारण त्या रात्री पाण्याची बाटली घेताना फोन सुलटा झाला आणि बहिणीचे सात फोन दिसले, तेव्हा एक-एक अशी बरोबरी होऊन तिसरी फेरी सुरू होत होती. ती मी पुरी केली, आणि मग तिला फोन लावला.

हे तिला अजून सांगितलेले नाही.