ॲक्टिव्ह पिकअप बसवू का?

प्रश्न : माझ्या सिंगल कॉइल गिटारमधून सतत गुणगुण येते. ॲक्टिव्ह पिकअप घ्यावेत, तर मित्र म्हणतो, ‘ते फक्त मेटलवाल्यांचे.’ खरं काय?
– एक वाचक, नेरे (पनवेल)

उत्तर : मित्राचं मनावर घेऊ नका. गिटारवादक डेव्हिड गिलमोर यांनी लाल स्ट्रॅट गिटारवर ईएमजी कंपनीचे ॲक्टिव्ह पिकअप लावून अगदी स्वच्छ सूर काढलेत. या पिकअपमध्ये तारेचे वेढे कमी आणि प्रीॲम्प आतच, म्हणून गुणगुण कमी. लांब केबलमध्येही आवाज बोथट होत नाही. बोटांचा हलका-जोरकस फरक मात्र पॅसिव्हमध्ये जास्त उमटतो, निदान माझ्या कानाला. ॲक्टिव्हला ९ व्होल्टची बॅटरी, तिला जागा आणि सहसा २५ किलोओहमचे पॉट लागतात. वाजवून झालं की केबल काढा, नाहीतर बॅटरी उतरते. पण पिकअप बदलण्याआधी घरचं अर्थिंग तपासून घ्या. तरीही गुणगुण राहिली, तर सिंगल कॉइलच्या मापाचा हमबकर (दोन कॉइलचा पिकअप) बसवा. त्याला बॅटरी लागत नाही.