काँक्रीटमध्ये टाकाऊ काच : उपयोग आणि दक्षता

लखनौचा बडा इमामबाडा नवाब असफउद्दौला यांनी 1784 साली, दुष्काळात लोकांना काम मिळावे या हेतूने उभारावयास घेतला. त्याच्या सुमारे 50 मीटर लांबीच्या मुख्य दालनावरील कमानदार छतास तुळयांचा आधार नाही. लखौरी नावाच्या लहान, पातळ विटा चुना व सुरखी यांनी सांधून हे बांधकाम झाले. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. तिच्यातील सिलिकेचा ओलसर चुन्याशी संयोग होऊन कठीण व टिकाऊ पदार्थ तयार होतो.

टाकाऊ काचेचा काँक्रीटमधील उपयोग याच तत्त्वावर आधारलेला आहे. बाटल्या व खिडक्यांच्या काचेत सुमारे 70 टक्के सिलिका असते. सिमेंट व पाणी यांच्या अभिक्रियेतून चुना मोकळा होतो. काच 75 मायक्रॉनहून बारीक दळलेली असल्यास ती या चुन्याशी संयोग पावते आणि सिमेंटचा काही भाग वाचतो. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा सुमारे 8 टक्के असल्याने ही बचत मोलाची ठरते.

मात्र तीच काच भरड स्वरूपात वाळूऐवजी वापरल्यास घातक ठरू शकते. सिमेंटमधील अल्कली काचेच्या कणांवर क्रिया करून चिकट पदार्थ निर्माण करतात. तो पाणी शोषून फुगतो व काँक्रीटला आतून तडे जातात. हा दोष अनेकदा काही वर्षांनंतर दिसू लागतो. मिश्रणात योग्य प्रमाणात फ्लाय ॲश घातल्यास तो बराच आटोक्यात राहतो. बारीक काचभुकटीसाठी अमेरिकेत 2020 साली स्वतंत्र मानक प्रसिद्ध झाले.

स्वच्छ व एकरंगी काच पुन्हा वितळवून नवी काच करणे अधिक हिताचे होय. लखनौच्याच राज्यातील फिरोजाबाद हे काच उद्योगाचे मोठे केंद्र आहे. भट्टीस न चालणारी मिश्र रंगांची काच व चुरा मात्र दळून काँक्रीटसाठी वापरता येतो. दळण्यासही वीज लागते, याचा हिशेब ठेवावा.

गृहकर्जाची परतफेड 15 ते 20 वर्षे चालते. घर त्याहून दीर्घकाळ टिकावयास हवे. म्हणून काचमिश्रित काँक्रीट सुचविले गेल्यास भुकटीची सूक्ष्मता, प्रसरण चाचणीचा अहवाल आणि संरचना अभियंत्याची लेखी संमती, या तीन गोष्टी अवश्य मागाव्यात. प्रारंभ अंगणातील फरशीच्या ठोकळ्यांपासून करणे श्रेयस्कर. खांब व स्लॅब यांचा विचार त्यानंतर करावा.