गॅस वाढवण्याआधी

उरण,
रविवार

चि. ओंकार,


परवा जुहूला हेलिकॉप्टरमधून उतरल्या उतरल्या फोन केलास. "काका, विहिरीत पाणी वाढलं म्हणून मी गॅस वाढवला, तर तेल आणखीच कमी झालं!" आवाज अगदी पडला होता तुझा. फोनवर मी समजूत घातली, पण समजूत म्हणजे उत्तर नव्हे. आता चौदा दिवस घरी आहेस, तर हे सावकाश वाच.

मुंबई हायमधून 1976 च्या मे महिन्यात तेल यायला लागलं, तेव्हा तिथल्या विहिरी स्वतःच्या जोरावर वाहत. आता थराचा दाब उतरलाय आणि तेलासोबत पाणी येतं. हजार मीटर उंचीचं पाणी तळावर चौरस सेंटिमीटरला सुमारे शंभर किलो दाब देतं. एवढं ओझं थकलेल्या थराला उचलवत नाही. म्हणून आपण बाहेरची नळी केसिंग आणि आतली ट्युबिंग यांमधल्या पोकळीतून गॅस खाली सोडतो. तो व्हॉल्व्हमधून ट्युबिंगमध्ये शिरतो आणि नळीतलं ओझं हलकं करतो. इथवर तुला पाठ आहे.

पण तळाशी शंभर किलो दाबाखाली वाटीभर असलेला गॅस दाब उतरत वर येईपर्यंत कित्येक वाट्या होतो. नळी मात्र तेवढीच. मग वरच्या टप्प्यात सगळं भरधाव सुटतं आणि नळीला घासत जातं. गॅस वाढवत गेलास की आधी वजन घटतं, तेल वाढतं. पुढे ती वाढ मंदावते. आणि त्याही पुढे गेलास, तर वजनात जे कमावलं ते घर्षणात जातं. तुझ्या विहिरीचं बहुधा हेच झालं.

उलट गॅस कमी पडला, तर विहीर धापा टाकते. उपडी केलेली बाटली डुबुक-डुबुक ओतते ना, तशी. थोडा वेळ नुसता गॅस, मग तेल-पाण्याचा लोंढा. पोकळीतला दाब हळूहळू चढतो, गॅस एकदम आत घुसतो, दाब पडतो, पुन्हा सगळं शांत. यालाच आपण हेडिंग म्हणतो. तिथे गॅस थोडा वाढवायचा, विहिरीच्या तोंडावरचा चोक जरा आवळायचा किंवा खालच्या व्हॉल्व्हचं छिद्र लहान करून घ्यायचं. बघ, तक्रार दोन्हीकडे एकच, तेल कमी. औषधं मात्र उलटी.

तुझ्या वयाचा असताना जमिनीवरच्या एका विहिरीवर मीही हीच गल्लत केली होती. रात्रपाळीत दोनदा गॅस वाढवला आणि दोन्ही वेळा तेल घटलं. सकाळी वरिष्ठांनी रेकॉर्डरमधला गोल चार्ट काढून माझ्यासमोर ठेवला. त्यावर दोन पेनांच्या दोन रेषा, एक केसिंगच्या दाबाची, एक ट्युबिंगच्या. दोन्ही कंपासने काढल्यासारख्या. "यात धापा कुठे आहेत?" एवढंच त्यांनी विचारलं. धापा नव्हत्याच, गॅस आधीपासूनच जास्त होता. त्यांनी तो कमी केला आणि पुढच्या टेस्टला तेल वाढलं. मी रात्रभर विहिरीशी झटापट केली होती, चार्टकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

तुमच्याकडे आता कागदाऐवजी स्क्रीन असेल, पण रेषा त्याच. आधी त्या वाच. मग एका वेळी एकच गोष्ट बदल. गॅस आणि चोक एकदम फिरवलेस, तर गुण कशाने आला ते कधीच कळणार नाही. बदलानंतर विहीर स्थिर होऊ दे, मगच तेल, पाणी आणि गॅस वेगळं मोजायला टेस्ट सेपरेटरवर घे. बंद विहीर सुरू करताना तर मुळीच घाई नको. सुरुवातीला पोकळीतला दाब दहा मिनिटांत साडेतीन किलोपेक्षा जास्त चढवू नये. नाहीतर व्हॉल्व्हमधून वेगाने जाणारं पाणी त्यांच्या सीट कापून टाकतं आणि ते दुखणं पुढे कायमचं मागे लागतं.

आणखी एक. कॉम्प्रेसरचा गॅस सगळ्या विहिरींत मिळून आहे. तू एकीला वाया घालवलेला गॅस दुसऱ्या एखाद्या विहिरीला कमी पडत असतो. जिथे वाढीव गॅसला जास्तीत जास्त तेल मिळेल, तिथेच तो द्यायचा.

पुन्हा प्लॅटफॉर्मवर गेलास की त्या विहिरीच्या मागच्या तीन दिवसांच्या रेषा आधी पुढ्यात घे. टेस्ट झाली की आकडे कळव. चुकलेले असले तरी कळव.

तुझा,
काका