पायलट फुकट लावू नका

२०२२ च्या फेब्रुवारीत आम्ही एका व्हेंचर कॅपिटल फंडाच्या टर्म शीटवर सही केली आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने व्याजदर वाढवायला घेतले. सुकापुरात माथेरान रोडच्या भाड्याच्या गाळ्यात सेन्सर सोल्डर करणाऱ्या आम्हा दोघांचा त्या दरांशी काय संबंध, असं तेव्हा वाटलं. वर्षभरात कळलं. तिकडे बिनजोखमीचं व्याज वाढलं की मोठे पैसेवाले जोखमीच्या फंडांतून हात आखडता घेतात, आणि इथले फंड आधीच्या कंपन्यांचे हप्तेही तोलून-मापून सोडतात. आमचा दुसरा हप्ता आलाच नाही. नऊ जणांतल्या सहा जणांना मला नोकरी सोडायला सांगावं लागलं. त्यात आकुर्लीहून रोज चालत येणारा एक मुलगा होता. त्याचा शेवटचा पगार मी दोन महिने उशिरा दिला, आणि हे लिहिण्याचं मुख्य कारण तेच आहे.

कंपनी काढण्याआधी मी तळोजा एमआयडीसीत अकरा वर्षं मेन्टेनन्समध्ये होतो. तिथला जुना फिटर स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि म्हणायचा, "साहेब, हा आठवडाभर चालेल, पुढचं सांगत नाही." आमचा सेन्सर तेच काम रात्रंदिवस करायचा. पहिल्याच पावसाळ्यात कूलिंग टॉवरच्या एका पंपावर कंपनाचा आकडा सेकंदाला अडीच मिलिमीटरवरून सातच्या पुढे गेला. रविवारी पंप थांबवून बेअरिंग काढलं, तर आतल्या रिंगवर नखाएवढा खड्डा पडलेला. फिटरने त्यावरून बोट फिरवलं आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिलं. कारखान्याच्या मॅनेजरने विचारलं, "सॉल्व्हेंट यार्डात चाळीस ठिकाणी लावाल का?"

माझी खरी चूक इथे झाली. जिथे ज्वलनशील वाफ असते तिथे साधं उपकरण चालत नाही. त्याची पेटी फ्लेमप्रूफ लागते, प्रयोगशाळेत चाचण्या होतात आणि पेसो या स्फोटक-ज्वलनशील पदार्थांची सुरक्षा पाहणाऱ्या, नागपूरला मुख्यालय असलेल्या सरकारी संस्थेची मंजुरी लागते. त्याला पैसा लागतो आणि बराच वेळही. गुंतवणूकदाराला मात्र वर्षअखेर बारा कारखान्यांची नावं हवी होती. आम्ही चाळीस सेन्सरची खरी मागणी बाजूला ठेवली आणि चाकणपासून वापीपर्यंत अकरा ठिकाणी फुकट पायलट, म्हणजे चाचणीपुरते सेन्सर, लावले. फुकट वस्तूची जबाबदारी कारखान्यात कुणीच घेत नाही. एका ठिकाणी सेन्सरचे आकडे पुढे पाठवणाऱ्या गेटवेचा प्लग काढून कुणीतरी पंखा लावला होता, आणि तीन आठवडे कुणाच्या लक्षातही आलं नाही. अकरापैकी एकानेही ऑर्डर दिली नाही. दुसरा हप्ता अडला तो याच आकड्यावर, आणि करारात तसं लिहिलेलंच होतं. सही करताना ते कलम मी नीट वाचलं नव्हतं.

व्हेंचर कॅपिटलवाल्यांना मी वाईट म्हणत नाही. त्यांचा हिशोब समजून घ्या. फंड साधारण दहा वर्षांचा असतो, पहिल्या चार-पाच वर्षांत पैसा लावायचा आणि उरलेल्यांत तो काढून घ्यायचा. बऱ्याच कंपन्या बुडणार हे धरूनच तो चालतो, त्यामुळे तगलेल्या एक-दोघींनी अनेक पटींनी वाढायला हवं. वर्षाला पाच कोटींचा धंदा इमानाने करणारी कंपनी तुमच्या-माझ्यासाठी सोन्यासारखी, त्यांच्या उपयोगाची नाही. उलट कारखाना चालतो दुरुस्तीच्या वार्षिक शटडाऊनवर आणि एप्रिलपासून सुरू होणाऱ्या बजेटवर. एक शटडाऊन हुकला की वर्ष गेलं. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: तुमच्या फंडाचं हे कितवं वर्ष?

वारं कसं फिरतं तेही पाहा. 'इंडस्ट्रियल इंटरनेट' हे नाव जनरल इलेक्ट्रिकने २०१२ मध्ये गाजवलं आणि पैसा त्या नावामागे धावला. अमेरिकेतल्या सी-थ्री कंपनीचं नाव आधी सी-थ्री एनर्जी, मग सी-थ्री आयओटी आणि २०१९ पासून सी-थ्री एआय. आज तुम्हालाही एआय जोडा असा सल्ला मिळेल. पंपाला उपयोग होत असेल तरच जोडा. पैशाचा दुसरा मार्गही आहे. कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पुण्याच्या अल्टिझॉनमध्ये २०१९ मध्ये टीव्हीएस मोटरने पैसे घातले. स्वतः कारखाने चालवणाऱ्या गुंतवणूकदाराला शटडाऊन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

पायलटचे पैसे घ्या, थोडे का होईना, पण रीतसर परचेस ऑर्डरवर. कोणता आकडा आला तर पुढची ऑर्डर मिळेल आणि तिच्यावर कोण सही करेल, हे बसवण्याआधी लिहून घ्या. हप्त्यांची अट मोजता येईल अशीच ठेवा. 'समाधानकारक प्रगती' हा शब्द दिसला तर वकिलाला दाखवा. सर्टिफिकेटचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा. आणि ग्राहकाने बिल थकवलं म्हणून उधारी भागवायला कंपनीचा हिस्सा विकू नका, ती सगळ्यात महाग उधारी. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं, हे २००६ च्या कायद्यात आहे. १ एप्रिल २०२४ पासून मुदत चुकवणाऱ्याला त्या खर्चाची आयकरातली वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. खरेदीदाराच्या अकाउंट्सवाल्यासमोर हा दुसरा नियम काढा, तो लवकर पटतो. मोठी कंपनी ट्रेड्स या बिलांवर पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर असेल तर तिने मान्य केलेल्या बिलावर आधी पैसे उचलता येतात.

आता आम्ही तिघंच आहोत, गाळा तोच. फ्लेमप्रूफ पेटीची मंजुरी स्वतःच्या कमाईतून मिळवली, वेळ लागला. गेल्या शटडाऊनमध्ये तळोज्याच्या त्याच सॉल्व्हेंट यार्डात चौदा सेन्सर बसले. परचेस ऑर्डर दोन पानांची होती आणि काम मंजूर केल्याची सही फिटरची. सही करण्याआधी त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि चौदाही पंपांना एकेक करून कान लावला.