जेवणाशी वैर धरणारा आजार वेळीच ओळखूया

घरातली मुलगी ताटावर बसते, "भूक नाही" म्हणते आणि अर्धी भाकरी ठेवून उठते. एकटी असली की पोट फुटेस्तोवर खाते आणि मोरीत जाऊन उलटी काढते. आपण म्हणतो, नखरे आहेत, वय तसे आहे. पण हा खाण्याशी निगडित मानसिक आजार असू शकतो.

अ‍ॅनोरेक्सियात वजन वाढण्याच्या भीतीने माणूस खाणे तोडतो. बुलिमियात बेसुमार खाल्ले जाते आणि मग उलटी, जुलाबाच्या गोळ्या, उपास किंवा अति व्यायाम करून ते काढून टाकण्याची धडपड होते. हे आजार मुलग्यांनाही होतात, आणि अंगाने भरलेल्यांनाही. म्हणून नुसत्या अंगकाठीवरून ते ओळखता येत नाहीत. सतत उलट्या केल्याने शरीरातले पोटॅशियम घटते, हृदयाचे ठोके बिघडतात, जीवावरही बेतते.

या आजाराची लाज वाटते, म्हणून तो लपवला जातो. दवाखान्याची पायरी चढायला जी कचरते, तिच्यापर्यंत फोन किंवा संगणकातून पोहोचता येईल का? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यासाठी आठ आठवड्यांचा ऑनलाइन कार्यक्रम तयार केला. त्यात दर आठवड्याला धडा, रोजच्या खाण्याची आणि मनातल्या विचारांची नोंद आणि जाणकाराच्या देखरेखीखाली गटचर्चा होती. वजनाची फार चिंता करणाऱ्या 480 कॉलेज तरुणींवर झालेला हा प्रयोग 2006 साली प्रसिद्ध झाला. त्यांची चिंता कमी झाली. सगळ्या मिळून पाहिले तर आजार जडण्यात मोठा फरक पडला नाही. पण वजन जास्त असलेल्या ज्या मुलींनी हा कार्यक्रम घेतला, त्यांच्यापैकी दोन वर्षांत एकीलाही आजार झाला नाही. न घेतलेल्या तशाच मुलींमध्ये शंभरात सुमारे 12 जणींना झाला.

पुढे 27 विद्यापीठांतल्या, आजाराची लक्षणे असलेल्या 690 तरुणींवर आणखी एक अभ्यास झाला. त्यात मोबाइलवरच्या धड्यांसोबत मार्गदर्शकही होता. कार्यक्रम मिळालेल्या शंभरातल्या 83 जणींनी तो सुरू केला. ज्यांना फक्त "उपचार घ्या" असे सांगितले, त्यांतल्या 28 जणीच उपचाराकडे वळल्या.

मात्र नुसत्या यंत्रावर भरवसा नको. 2023 साली अमेरिकेतल्या एका संस्थेचा चॅटबॉट अशाच रुग्णांना वजन घटवण्याचे सल्ले देऊ लागला. तो बंद करावा लागला.

हे कार्यक्रम इंग्रजीत आणि परदेशातले असले तरी त्यांचा धडा आपल्या घराच्याही कामाचा आहे: लवकर ओळखा, लाज वाटणार नाही अशी वाट द्या आणि सोबत माणूस ठेवा. म्हणून आपण एवढे करूया:

• "जाडी", "सुकडी" असे टोमणे घरात थांबवूया.
• जेवणाच्या ताटावर भांडण नको. एकांतात, शांतपणे विचारूया, "तुला काय होतंय?"
• महिनाभरात पटापट वजन उतरवणारे व्हिडिओ मुले पाहत असतील, तर त्यावर त्यांच्याशी बोलूया.
• सरकारच्या टेलीमानस सेवेला 14416 वर फोन करूया. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येते.
• चक्कर, छातीत धडधड, उलटीतून रक्त किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा दिसली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठूया.

मुलगी अर्धी भाकरी ठेवून उठली, तर आज तिच्यावर रागावू नका. तिच्याजवळ जाऊन बसा.